आठवणीला तारीख हवी

परदेशातल्या मराठी मंडळांच्या अंकांत लहानपणच्या समुद्रावरचे लेख नेहमी येतात आणि ते आवडीने वाचलेही जातात. पण गावाचं नाव झाकलं, तर लेख मालवणचा की मुरुडचा की वेंगुर्ल्याचा हे ओळखता येत नाही. लाटा, शिंपले, मावळता सूर्य सगळीकडे सारखेच. या लेखनामागची माया खरी आहे. तरीही बंदराशेजारी वाढलेल्या माणसापाशी याहून मोलाचं काही असतं आणि नेमकं तेच कागदावर उतरत नाही, असं आम्हाला वाटतं. त्या माणसाचं बालपण हा त्या किनाऱ्याच्या इतिहासाचा पुरावा आहे.

हे नुसतं भावनेच्या भरात म्हटलेलं नाही. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली एक साधी पण अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. संशोधकांची प्रत्येक पिढी आपल्या उमेदवारीच्या काळात समुद्रात जेवढी मासळी पाहते, तेवढीच मूळची धरून चालते आणि पुढची घट त्या मापाने मोजते; आधीची घट हिशेबातच येत नाही. पुढे २००५ साली मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या तीन पिढ्यांच्या १०८ मच्छीमारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एके काळी मुबलक असलेल्या आणि आता विरळ झालेल्या माशांच्या जाती म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट सांगितल्या. म्हणजे काही गेलं आहे, हेच तरुणांना ठाऊक नव्हतं. इथे परदेशी गेलेल्या माणसाचं महत्त्व कळतं. गावात राहिलेल्याच्या डोळ्यांसमोर किनारा थोडाथोडा बदलत गेला आणि जुनं चित्र नव्यात मिसळलं. जो १९६८ साली गाव सोडून आला, त्याच्या मनातला किनारा बऱ्याच अंशी १९६८चाच राहिला.

मालवणचंच पाहू. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आणि अलीकडे बंदर. दांडी, चिवल्याच्या वाळूवर रापण लागायची. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी ओढत जाळं वाळूवर घ्यायचं. मग वाटे पडायचे. ओढायला हात लावणाऱ्या पोरांनाही थोडी मासळी मिळायची. बंदराच्या मुलांना समुद्र असा कामातून कळत होता. मोठी प्रवासी बोट खडकांमुळे बाहेरच थांबायची, उतारू होडीने यायचे आणि बोटीच्या वेळेवर सगळ्या बंदराचा दिवस चालायचा. पुढे यांत्रिक नौका आल्या, ट्रॉलर आले, पर्ससीन जाळी आली. १९८७मध्ये मालवणचा सागरी भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्यावरून वाद झाले. फेब्रुवारी २०१६मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. या प्रत्येक वादात मच्छीमार म्हणत आले की पूर्वी इथे एवढी मासळी होती. आता ‘पूर्वी’ म्हणजे कधी आणि ‘एवढी’ म्हणजे किती, याला आधार कुठला? सरकारी आकडे जिल्ह्याचे आणि राज्याचे असतात. एका वाळूवर एका मोसमात तारली किती वेळा लागली, हे त्यांत सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की आठवण गोड होत जाते, लहानपणीचा मासा दरवर्षी वीतभर वाढतो. हे खरंच आहे. पण ‘खूप’ आणि ‘सुंदर’ हे शब्द जसे फुगतात, तसा तपशील फुगत नाही. रापणीत सौंदाळे येत होते की नाही, मोरी घरी येत होती की नाही, बोट पावसाळ्यात कधी बंद व्हायची, याची उत्तरं चार जणांकडून घेऊन ताडून पाहता येतात आणि चूक निघाली तर दुरुस्तही करता येते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो आम्ही मान्य करतो. परदेशी आलेल्यांत रापण ओढणाऱ्या गाबीत घरांतली माणसं थोडी आणि ओढणं बघणाऱ्यांची मुलं जास्त. बघणाऱ्याने पाहिलेला किनारा अर्धाच असतो. म्हणून आपण लिहिलेलं तेवढंच खरं, असा दावा करू नये. उलट ते गावाकडे पाठवावं, दांडीवरच्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला सांगावं आणि त्यांनी केलेली दुरुस्ती त्यांच्या शब्दांत शेजारी छापावी. मालवणी शब्द पुस्तकी मराठीत आणताना गाळूही नयेत. माशाचं, जाळ्याचं, वाऱ्याचं नाव ज्या तोंडून ऐकलं तसंच लिहावं.

बंदराच्या गावात वाढलेल्या सभासदांना म्हणून आमची विनंती आहे. गाव कुठलंही असो, मालवण, हर्णै, जयगड, वेंगुर्ला. आपण तिथे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होतो हे लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहा. मग किनाऱ्यावर काय येत होतं, कोण आणत होतं आणि घरी काय शिजत होतं ते लिहा. लिहायचा कंटाळा असेल, तर नातवंडांना फोनवर ध्वनिमुद्रण करायला सांगा, उतरवून घेण्याचं काम संपादक मंडळ करील. बोटीच्या भोंग्याने जागे होणारे आपले सभासद आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा.