तीन सेकंदांची उसंत

बँकेतील अखेरच्या काही वर्षांत नव्या अधिकाऱ्यांना शिकविण्याचे काम माझ्याकडे होते. प्रश्न विचारायचा आणि समोरून उत्तर येण्याआधी आपणच ते सांगून मोकळे व्हायचे, ही माझी रीत. अभ्यासक्रम वेळेत पुरा होई. त्यामुळे आपण उत्तम शिकवितो, असा माझा समज होता.

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन वाचनात आले आणि तो समज ढळला. प्राथमिक वर्गांतील विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे त्यांनी तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. मुलाने उत्तर दिल्यावरही तितक्याच घाईने पुढचे बोलत. हा अवधी तीन सेकंदांवर नेताच उत्तरे लांबली, मुले कारणे देऊ लागली, गप्प बसणारीही बोलू लागली. मला सर्वांत बोचली ती निराळीच गोष्ट. ज्यांना शिक्षक कच्चे समजत, त्यांना ते हुशार मुलांपेक्षाही कमी वेळ देत. ज्याला उसंत हवी, त्याचीच कापली जाई!

यात शिक्षकांचा दुष्टावा नव्हता. आपण किती थांबतो, हे त्यांना ठाऊकच नव्हते. पेढीवर नोंद एकाने करावी व दुसऱ्याने तपासावी, हे आपण व्यापारी मंडळी जाणतो. वर्गात मात्र शिक्षक एकटाच. म्हणून स्वतःचा तास ध्वनिमुद्रित करून ऐकणे, किंवा सहकाऱ्याला मागे बसवून एवढी एकच गोष्ट टिपायला सांगणे, हा सुधारणेचा मार्ग मला व्याख्यानांपेक्षा अधिक खात्रीचा वाटतो. अर्थात, आपलाच आवाज ऐकणे सुखाचे नसते.

गेल्या महिन्यात दहा वर्षांच्या नातीला हिशेब शिकविताना मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. ‘८४० रुपयांवर पाच टक्के सूट किती?’ आणि लगेच माझाच आवाज, ‘अगं, बेचाळीस!’ तिचा आवाज कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ६४० रुपयांवर पाच टक्के विचारले आणि मनात तीन अंक मोजले. मोजताना जीव कासावीस झाला. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग छताकडे, आणि म्हणाली, “बत्तीस. दहा टक्के म्हणजे चौसष्ट, आजोबा, त्याचे निम्मे.”

ही रीत मी तिला शिकविली नव्हती.