मैदानावरून : भिंत चुकत नाही

दादरच्या एका गृहस्थांचे पत्र आले आहे. मजकूर थोडक्यात असा : मुलगी तेरा वर्षांची, दोन वर्षे टेनिस शिकते आहे. सकाळी सरावाला उतरली की तिचे फटके पाहून शेजारच्या कोर्टावरची मंडळीही घटकाभर थबकतात. पण स्पर्धेत नाव घातले की पहिल्याच फेरीत हरून घरी. रडत नाही, बोलत नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवते आणि अभ्यासाला बसते. "शिकवणी, बूट, रॅकेटच्या तारा, सारे आमच्या पगारात ओढाताणीने बसते. तिच्या आईचे म्हणणे, पुढे दहावी आहे, आता पुरे. माझ्याच्याने निर्णय होत नाही."

दुसऱ्याच्या मुलीचा खेळ चालू ठेवायचा की बंद करायचा, हे साप्ताहिकाच्या पानावरून सांगणारा मी कोण? पण पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे : "सरावात तिचा चेंडू सहसा चुकत नाही." पाणी मुरते आहे ते नेमके इथेच.

पुष्कळ ठिकाणी सराव कसा चालतो पाहा. मास्तर जाळ्यापाशी चेंडूंची टोपली घेऊन उभे. एकामागून एक चेंडू, त्याच जागी, त्याच उंचीने, त्याच वेगाने. वीस फोरहँड, मग वीस बॅकहँड. पाचव्या चेंडूला हात बसतो आणि दहाव्यापासून फटका असा गोळीबंद जातो की बाकावरच्या पालकांना फीचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे. सामन्यात मात्र समोरची मुलगी टोपली घेऊन आलेली नसते. एक चेंडू पायाशी, दुसरा खांद्यावर, तिसरा पार कोपऱ्यात. प्रत्येक वेळी नव्याने पाहायचे, धावायचे, ठरवायचे. ही तालीम मुलीला कोणी दिलेलीच नाही.

हे माझ्या पदरचे नाही. १९८६ साली अमेरिकेत गूड आणि मॅगिल या दोघा संशोधकांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस नवशिक्या मुलींना शिकवून पाहिल्या. काहींना एक प्रकार पुरा घोटून मग दुसरा, तर काहींना तिन्हींची सरमिसळ. मागाहून परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळवाल्याच सरस ठरल्या. अशा सरावात गंमत अशी की शिकताना चुका जास्त होतात, म्हणून तो पाहणाऱ्याला वाईट दिसतो. तेव्हा, गृहस्थहो, तुमच्या मुलीचा सराव जरा वाईट दिसू द्या. मास्तरांना नम्रपणे विचारा, अर्ध्या टोपलीनंतर चेंडू उलटसुलट टाकाल का? चांगला मास्तर रागावणार नाही.

आता थोडा हिशेब. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि एकेरीसाठी २७ फूट रुंद. जाळे खांबाशी साडेतीन फूट उंच, मध्ये तीनच फूट. सरळ रेषेत मारलेल्या चेंडूला ७८ फुटांत पडावे लागते. कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मारलेल्याला जवळजवळ साडेब्याऐंशी फूट मिळतात, शिवाय तो जाळ्याच्या बुटक्या भागावरून जातो. म्हणजे साडेचार फूट लांबीत आणि सहा इंच उंचीत फुकटची सवलत! तरी आमची मुले अडचणीत सापडली की रेषेलगतचा सरळ फटका मारायला जातात, कारण दूरदर्शन संचावर तोच झळकतो. तिरके मारावे, जाळ्याच्या वर तीन-चार फूट अंतर ठेवून मारावे. जाळ्याला घासून जाणारा चेंडू टाळ्या मिळवतो आणि सामने घालवतो.

रामनाथन कृष्णन यांचा खेळ याची साक्ष आहे. धडाडती सर्व्हिस त्यांच्यापाशी कधीच नव्हती. होता तो हलका हात आणि अचूक जागा. तेवढ्यावर ते १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले, आणि हरले ते त्या त्या वर्षीच्या विजेत्यांकडून, आधी नील फ्रेझर आणि मग रॉड लेव्हर. याच कृष्णननी १९५१-५२ च्या सुमारास कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्या सांगलीत जन्मलेल्या एका मुलाला हरवले होते. तो मुलगा पुढे टेनिस सोडून बॅडमिंटनकडे वळला आणि १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू झाला. नंदू नाटेकर! रॅकेट मात्र घरातून गेली नाही. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी टेनिसच धरले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्णपदक आणले. खेळ बंद करणे आणि खेळ बदलणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे मुलीच्या आईंच्या कानावर घालावे.

आणि आईंनाच सांगण्याजोगी आणखी एक हकिकत. वेदांचे गाढे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या पंडिता क्षमा राव या संस्कृत कवयित्री, आणि टेनिसच्या स्पर्धाही खेळत. त्यांची मुंबईत जन्मलेली मुलगी लीला हिने १९३४ साली विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तसे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. वडील डॉक्टर, घरात सुबत्ता, हे खरे. ती सोय दादरच्या दोन खोल्यांत कोठून यायची? पण पुस्तक आणि रॅकेट एका घरात नांदत नाहीत, असे निदान त्या घराने तरी मानले नाही.

सोयीचे निघाले म्हणून सांगतो. परळ-लालबागला १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू मिटल्या, त्यांच्या जागी टॉवर उठले, आणि काहींच्या आवारात टेनिसची कोर्टेही आली, रहिवाशांपुरती. पलीकडच्या चाळीतल्या मुलाने काय करावे? त्याला भिंत आहे. भिंत कधी चुकत नाही, फी मागत नाही, कंटाळत नाही. खडूने जमिनीपासून तीन फुटांवर आडवी रेघ ओढा, की झाले जाळे. भिंतीचा एक दोष मात्र ध्यानात ठेवा. वीस फुटांवरून मारलात तर चेंडू जाऊन-येऊन चाळीसच फूट चालतो. कोर्टावर तो समोरच्याकडे जाऊन परतेपर्यंत दीडशे फूट होतात. तेव्हा भिंत तुम्हाला घाई करते, आणि घाईत हात आखडतो. उपाय सोपा : चेंडूला दोन टप्पे पडू द्यावेत, मगच मारावा. आणि भिंतीवर तोच फटका शंभरदा मारू नये; एक उजवीकडून, एक डावीकडून, एक उंच, एक बुटका. गिरगावात देवधर मास्तरांच्या वर्गात कुमार गंधर्व शिकले, त्या गल्ल्यांतून पलटे घोटण्याचे आवाज आमच्या पिढीने ऐकले आहेत. पण नुसत्या पलट्यांवर मैफल होत नाही, हेही गवई जाणतात.

सर्व्हिसबद्दल दोनच शब्द. पहिली सर्व्हिस जोरात मारण्याचा सराव सगळे करतात, दुसरीचा कोणी करत नाही. आणि सामन्यात गुण जातात ते दुहेरी चुकीने. घरच्या गच्चीवर रॅकेटशिवाय नुसता चेंडू वर फेकावा आणि पडू द्यावा. पुढच्या पावलाच्या फूटभर पुढे खडूने वर्तुळ काढून त्यात दहापैकी किती पडतात ते पाहावे. सात पडेपर्यंत सर्व्हिसच्या जोराची चर्चा करू नये. नंतर कोर्टावर दुसरी सर्व्हिस, लागोपाठ दहा. नववी चुकली तर पुन्हा एकपासून. अशा वेळी हाताला जो कंप सुटतो, तोच सामन्यातला कंप. त्याची ओळख इथेच झालेली बरी. शिवाजी पार्कवर आचरेकर सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो सचिनला बाद करील त्याचे नाणे, नाही तर सचिनचे. एका रुपयाने नेटमधल्या सरावाला सामन्याची धार येई.

राहिला निर्णय. सहा महिने थांबा. एक वही करा. रोज तिरक्या फटक्यांच्या दहा खेळी कोणाशी तरी खेळायच्या आणि चेंडू किती वेळा जाळ्यापार गेला ते लिहायचे. सर्वांत मोठा आकडा लिहू नका. सर्वांत लहान लिहा. आज तो दोन असेल. सहा महिन्यांनी सहा झाला, तर पहिल्या फेरीत हरली तरी मुलगी पुढे गेली आहे, खर्च चालू द्या. दोनच राहिला, तर तिलाच विचारा; तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःचे मत असते. वही तिच्याच हाती असावी. तुम्ही बाकावर बसून मोठ्याने मोजू लागलात, तर आकडा दीडवर येईल.

भिंतीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी आधी घ्या. दुपारी दोन ते चार सोडून. तळमजल्यावर कोणी तरी वामकुक्षी घेत असणारच.