पदवीचा विद्यार्थी आणि संशोधनाचा अधिकार

विज्ञानाच्या पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने संशोधनाच्या वाटेस जावे की नाही, हा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडील विद्वान प्राध्यापक, शिक्षणखात्यातील अधिकारी आणि सुज्ञ पालक हे तिघेही बहुधा एकाच सुरात सांगतात, की आधी पाया पक्का होऊ द्यावा, संशोधनाचे पुढे पाहता येईल. असे म्हणणारांपैकी कित्येकांनी अध्यापनात आयुष्य वेचले आहे, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा परामर्श आदराने घेणे प्राप्त आहे. परंतु ते मत आम्हांस सर्वस्वी अग्राह्य वाटते.

हा पाया प्रत्यक्षात कसा घातला जातो हे पाहावयाचे असेल, तर प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या वेळी प्रयोगशाळेत जाऊन उभे राहावे. भिंतीवरील ब्रॅकेटला बार पेंड्युलम टांगलेला असतो, विद्यार्थी स्टॉपवॉच घेऊन आंदोलने मोजतो, आलेख काढतो, आणि गुरुत्वत्वरणाचे त्याचे उत्तर ९७८ च्या आसपास येण्याऐवजी ९४० येते. ब्रॅकेट सैल झाले असेल, ज्या धारेवर पेंड्युलम तोललेला असतो ती झिजली असेल, किंवा झोकाच वाजवीपेक्षा मोठा दिला गेला असेल. यांपैकी खरे कारण कोणते, हे एकेक शक्यता तपासून ठरविणे म्हणजेच पदार्थविज्ञान, आणि त्यास एखादी दुपार पुरे होते. पण जर्नलवर सही व्हावयाची असते, परीक्षकास नीटनेटके रीडिंग दाखवावयाचे असते. सबब विद्यार्थी गतवर्षीचे जर्नल उघडतो आणि उत्तराकडून मागे हिशेब करीत आकडे बसवितो. त्या ९४० मध्ये जो प्रश्न जन्मास आला होता तो तेथेच मरतो. अशी तीन वर्षे काढलेल्या विद्यार्थ्याचा पाया पक्का झाला असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. निसर्गाने दिलेल्या उत्तरापेक्षा पुस्तकात छापलेल्या उत्तरावर भिस्त ठेवण्याची सवय मात्र त्यास पक्की जडलेली असते.

पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा असा, की पदवीपूर्व वयात संशोधन करणारे विरळा, त्या अपवादांवरून नियम बांधता येत नाही. येथे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे उदाहरण लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. १९२८ साली जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासेस आले असता प्रेसिडेन्सी कॉलेजातील हा विद्यार्थी त्यांना जाऊन भेटला. त्याने अभ्यासलेले परमाणुविज्ञान मागे पडले असल्याचे सोमरफेल्ड यांनी त्यास सांगितले, आणि धातूंतील इलेक्ट्रॉनांवरील आपल्या नव्या, अद्याप प्रसिद्ध व्हावयाच्या निबंधाची मुद्रितेही त्याच्या हाती दिली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्या मुलाने कॉम्प्टन प्रकीर्णन व नवी सांख्यिकी यांवर निबंध लिहिला, आणि १९२९ साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत छापूनही आला, बी. एस्सी. ऑनर्सची परीक्षा तोवर व्हावयाची होती. प्रतिभा चंद्रशेखरांची होती यात वाद नाही. पण एका थोर माणसाने अठरा वर्षांच्या मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलावे आणि ताजा मजकूर निःसंकोच त्याच्या स्वाधीन करावा, हा योग अपवादात्मक का राहावा? प्रतिभा वाटता येत नाही, संधी वाटता येते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेने १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने पदवीपूर्व विद्यार्थ्यांस संशोधनात सामील करून घेण्याची रीतसर योजना सुरू केली, ती याच विचाराने.

आपल्याकडेही काहीच नाही असे नव्हे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम चालविला आहे. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रात सुट्टीत विद्यार्थी येऊन काम करतात. परंतु या जागा थोड्या, आणि सुट्टीत शेतीच्या किंवा दुकानाच्या कामास हात लावावा लागणाऱ्या मुलास दोन महिने परगावी राहणे अवघड. तेव्हा प्रयोगशाळा त्याच्या गावातच हवी, असे म्हणताच साधनसामग्री व पैसा नसल्याची तक्रार पुढे येते. आमचे उत्तर असे, की जे विषय दारात पडले आहेत त्यांस मोठी यंत्रे लागतच नाहीत. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तसे घडल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. पण त्या पाण्याची क्षारता, तापमान व पातळी यांची बारमाही नोंद ठेवणे हे काम बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी पिढ्यान्‌पिढ्या करावयाचे आहे. यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. प्रयोगशाळेत बाटलीतून दिलेल्या नमुन्यावर टायट्रेशन करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या विहिरींचे पाणी तपासण्यास शिकावे आणि दरमहा आकडे टिपावेत, यात कोणती अडचण आहे? कोकणातील सडे पावसाळ्यात रंग बदलतात, त्यांवर कोणती वनस्पती कोणत्या आठवड्यात फुलते याची वही ठेवण्यास पेन्सिल व चिकाटी एवढेच भांडवल पुरते.

अशा संशोधनाच्या नावाखाली बनावट कामच फोफावते, हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. पैसे भरून निबंध छापणारी नियतकालिके बोकाळली आहेत, इकडचे तिकडचे उतरवून प्रकल्प सादर होतात, आणि त्या वह्यांच्या चळती पाहून सज्जन शिक्षकास वीट येतो. पण या रोगाचे मूळ संशोधनात नसून मोजणीत आहे. छापील पानांवर गुण दिले की पाने छापली जाणारच. विद्यार्थ्याकडून प्रसिद्ध निबंध मागू नये, त्याची मूळ वही मागावी. फसलेले रीडिंग, खोडलेले तर्क, पुन्हा केलेला प्रयोग यांना गुण द्यावेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाची तरतूद केली, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या संशोधनाच्या शाखेसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट घातली, ती आम्हांस मान्य नाही. कारण ठरलेली उत्तरे बिनचूक देणारा आणि न ठरलेल्या प्रश्नाच्या मागे लागणारा हे दोघे नेहमी एकच नसतात, आणि संशोधनाची गोडी चौथ्या वर्षी लावावयाची म्हटल्यास ती पहिल्या वर्षी बार पेंड्युलमपाशी गमावलेली असते. ही अट काढावी, संशोधनाचा तास पहिल्या सत्रापासून वेळापत्रकात असावा, आणि विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात जाणारा शिक्षकाचा वेळ त्याच्या आठवड्याच्या अध्यापनाच्या सोळा तासांतच धरला जावा, त्यावरचा फुकटचा भार म्हणून नव्हे.