माहुलचीं घरें आणि साडेत्रेसष्ट अंश

आमच्या शेजारचा एक मुलगा स्थापत्यकलेच्या महाविद्यालयांत शिकत आहे. गेल्या महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं तो कागदाची मोठी गुंडाळी घेऊन आमच्याकडे आला. महाविद्यालयानें त्यास एका वास्तूचा आराखडा करावयास सांगितला होता : खालीं दवाखाना, वर गरिबांस परवडतील अशीं घरें, आणि जागा चेंबूरजवळचें माहुल. "गुरुजी, तळमजल्यावर डॉक्टर असल्यावर वरच्या माणसांस प्रकृतीची काळजी कसली?" असें त्यानें मोठ्या उमेदीनें विचारलें. आराखडा देखणा होता. तीनशें बिऱ्हाडें त्यानें खुबीनें बसविलीं होतीं. आम्ही एकच प्रश्न केला, "बाळ, येथें वारा कोठून येतो?" तो कागद उलटसुलट करूं लागला.

आम्हांस स्थापत्यांतलें कांहीं कळत नाहीं, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. परंतु संस्कृत शिकविण्यांत जन्म गेला, त्यामुळें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंधरावा अध्याय ठाऊक आहे. रोग्याची वास्तु कशी असावी हें तेथें सांगितलें आहे. ती भक्कम असावी. तींत सोसाट्याचा वारा शिरूं नये, पण एका बाजूनें झुळूक यावी. आंत सहज हिंडतां फिरतां यावें. ती दुसऱ्या उंच वस्तूच्या पायथ्याशीं दडपलेली नसावी. धूर, ऊन, पाणी, धूळ यांस तेथें वाट नसावी, आणि नकोशा वासासही नसावी. पाणी, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानाची जागा, स्वयंपाकघर यांची सोय झाली, म्हणजे मग परिचारक व औषधें यांची यादी येते. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आधीं जागा, मागाहून वैद्याचें सामान.

आतां माहुल पाहा. हें मूळचें कोळ्यांचें गांव. १९५० नंतर या भागांत तेलशुद्धीचे कारखाने आले, विजेचा आला, पुढें खताचा आला, रसायनांच्या टाक्या आल्या. त्यांच्या शेजारींच प्रकल्पबाधितांसाठीं सात मजली ७२ इमारती उठल्या. त्यांत १७ हजारांहून अधिक बिऱ्हाडें, प्रत्येक २२५ चौरस फुटांचें. तानसाच्या जलवाहिनीच्या कडेच्या झोंपड्या २०१७ सालीं हटविल्या, तेव्हां विद्याविहार-घाटकोपरकडचीं कुटुंबें येथें धाडण्यांत आलीं. त्यापूर्वींच, २०१३ सालीं, के. ई. एम. रुग्णालयाच्या पाहणींत माहुल व आंबापाडा येथील शेंकडा ६७ लोकांनीं महिन्यांतून तीनदांहून अधिक वेळां धाप लागत असल्याचें सांगितलें होतें. डिसेंबर २०१५ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें तेथील हवेपासून रहिवाशांच्या प्रकृतीस धोका असल्याचें नमूद केलें होतें. म्हणजे निकाल आधीं लागला, आणि माणसें नंतर पाठविलीं! ऑगस्ट २०१८ मध्यें शेजारच्या तेलशुद्धी कारखान्यांत स्फोट झाला. त्याच वर्षीं हीं कुटुंबें विद्याविहारास रस्त्यावर येऊन बसलीं. २०१९ सालीं उच्च न्यायालयानें त्यांस दुसरीकडे राहतां यावें म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडें देण्याचा हुकूम केला. २०२५ सालीं महानगरपालिकेनें तेथील रिकामीं घरें १२ लाख ६० हजारांस आपल्याच कर्मचाऱ्यांपुढें ठेविलीं, तरी घेणाऱ्यांची रीघ लागली नाहीं. मुंबईंत या किमतीचें घर लोक सुखासुखीं कां सोडतील, याचा विचार वाचकांनींच करावा.

त्या कुटुंबांत आमचा एक जुना विद्यार्थी होता. त्याच्या आईस दमा. तो म्हणाला, "गुरुजी, झोंपडींत संडास नव्हता, तो येथें मिळाला. खोटें कशाला बोलूं? पण आईला रात्रीं श्वास लागला कीं रिक्षा मिळेपर्यंत आमचा जीव टांगणीला." त्याच्या तळमजल्यावर आमच्या शेजारच्या मुलाचा दवाखाना असता, तर त्या रात्रीं उपयोग झाला असता, यांत शंका नाहीं. परंतु उजाडल्यावर ती माउली पुन: त्याच हवेंत वर गेली असती.

हवा वाईट नसली तरी घर रोग देऊं शकतें, हें मानखुर्द-गोवंडीकडे दिसून आलें. तेथील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड व पी. एम. जी. कॉलनी या तीन पुनर्वसन-वसाहतींची पाहणी 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनें केली. ती २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. पहिल्या दोहोंत इमारतींमधील अंतर सुमारें ३ मीटर. जेथें ऊन व वारा पोंचत नाहीं तेथें क्षयाचे रोगी अधिक, आणि तिसरी वसाहत, जी मोकळी, तेथें कमी, असें आढळलें.

यांत नवीन कांहीं नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि त्याच्या धाकानें १८९८ मध्यें सरकारनें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. त्याचे एक अध्यक्ष ऑर साहेब यांनीं १९१२ सालीं मुंबईच्या घरांतील उजेड व हवा यांवर व्याख्यान दिलें. त्यांचा नियम शाळकरी मुलासही समजेल असा आहे. खोलीच्या बाहेरील भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढावी ; तिचा जमिनीशीं होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ २. अर्थात् समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको. सात-आठ मजल्यांची इमारत बावीस मीटर धरली, तर मध्यें अकरा मीटर हवेत. तीन मीटर सोडून गरिबांस घर दिलें म्हणणें म्हणजे काय, तें या त्रैराशिकावरून कळेल.

आम्ही त्या मुलास हा नियम सांगितला, आणि बोलण्याच्या भरांत कंपासपेटींतील कोनमापक काढून त्याला दोरा व खडा बांधला. आमच्या संस्थेच्या इमारतीची पुनर्बांधणी होऊन थोडींच वर्षें झालीं आहेत. खालीं जाऊन पाहिलें, तों कोन ऐंशी अंशांच्या घरांत! नव्या घरांत स्वयंपाकघराला भरदुपारीं दिवा लागतो, याची तक्रार घरांतून आम्ही रोज ऐकतों. परंतु कागदांवर सही करतांना वाढीव चौरस फुटांकडेच आमचें लक्ष होतें. कोन कोणीं मोजला नाहीं, आम्हींही नाहीं. फरक इतकाच कीं आम्हांस सही विचारली गेली, माहुलला धाडलेल्यांस ती विचारली नाहीं.

दवाखाना व घरें एकत्र नकोतच, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. सिंगापुरांत 'कांपुंग ॲडमिरल्टी' नांवाची वास्तु आहे. खालीं मोकळें अंगण, त्यावर खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार, मध्यें वैद्यकीय केंद्र, वर बाग, आणि वृद्धांसाठीं १०४ घरें. तिला २०१८ सालीं जगांतील उत्कृष्ट वास्तूचा मान मिळाला. आगगाडीचें स्थानक अगदीं लागून आहे, हें आम्हांस बागेपेक्षां मोलाचें वाटतें. आपल्याकडेही २०२२ पासून 'आपला दवाखाना' निघाले. त्यांतले कांहीं रात्रीं दहापर्यंत उघडे राहतात असें ठरलें. रोजंदारीच्या माणसास सकाळचा दवाखाना बंदच असल्यासारखा असतो, तेव्हां ही वेळ योग्य. शिवाय खोकणाऱ्यांस बसावयास उघडा ओटा हवा, आणि त्यांचा जिना व वरच्या बिऱ्हाडांचा जिना एक नको.

आठ दिवसांनीं मुलगा पुन: आला. त्यानें माहुल सोडून विद्याविहारकडची जागा धरली होती. ओटा होता, जिने निराळे होते, प्रत्येक खिडकीपुढें तांबड्या शाईनें कोन काढला होता. पण तीनशें बिऱ्हाडांचीं आतां एकशें सत्तर झालीं होतीं.

"गुरुजी, मग उरलेलीं एकशें तीस कुटुंबें कोठें जाणार?"

आम्ही निरुत्तर झालों. ऑर साहेबांच्या ट्रस्टनेंही आरंभींच्या काळांत पाडलीं त्यांहून कमी घरें बांधलीं होतीं, आणि हवेशीर रस्त्यांची किंमत घर गेलेल्यांनीं भरली होती. शेवटीं आम्ही म्हणालों, "हा प्रश्न आराखड्याच्या वरच्या कोपऱ्यांत ठळक लिहून दे. जागा किती कमी पडते तें आंकड्यांत लिही. तेवढी जागा मागावी कीं कोन मोडावा, हें देणाऱ्यांस ठरवूं दे."

"गुण कापतील, गुरुजी."

"कापोत."