सुखाची बेरीज

सुख ही एकजिनसी वस्तू असून तिच्यात भेद आहे तो केवळ परिमाणाचा, प्रकाराचा नव्हे, हे मत आपल्या सुशिक्षितांत इतके रुळले आहे की, त्याला प्रमाण मागणे हेच औद्धत्य ठरावे. या मताचे आद्य पुरस्कर्ते जेरेमी बेंथॅम. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तीव्रता, टिकाऊपणा, निश्चिती, सामीप्य, फलद्रूपता, शुद्धता आणि व्याप्ती अशी सुखाची सात मापे ठरविली, आणि सुख जमेस व दुःख खर्ची धरून जी शिल्लक उरेल तीवरून कृत्याची योग्यता पाहावी, असा दंडक घातला. सुख सारखेच होत असेल, तर टाचण्यांचा पोरखेळ आणि काव्य यांची किंमत एकच, असे म्हणण्यासही ते कचरले नाहीत.

या मताचे बळ प्रथम मान्य केले पाहिजे. सरदाराचे सुख आणि मजुराचे सुख एकाच मापाने मोजावे, या आग्रहाने जन्मसिद्ध प्रतिष्ठेची मिरास निदान विचारात तरी खालसा झाली, आणि कायदा कोणाच्या हिताचा, हा सवाल राज्यकर्त्यांस उघडपणे विचारता येऊ लागला.

पण बेरीज सजातीयांचीच होते, हा गणिताचा पहिला नियम इथे विसरला गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे शहरातले काम आटोपून हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाकडे ऊनपावसात पायी जात, तेव्हा बेंथॅमच्या वहीत पायांचा शीण आणि लोकनिंदेचा ताप खर्ची पडणार, हे उघड आहे. परंतु जमेस काय धरावे? समाधान म्हणावे, तर ते त्या श्रमांपासून वेगळे काढताच येत नाही, कारण श्रम वजा केले की समाधानही वजा होते. जिथे खर्च हाच जमेचा घटक आहे, तिथे वजाबाकी कशातून काय करणार?

बेंथॅमच्या या उपयुक्ततावादी संप्रदायाच्या कडक शिस्तीत वाढलेल्या जॉन स्टुअर्ट मिल यांची साक्ष तर याहून बोलकी आहे. विसाव्या वर्षी, १८२६ साली, त्यांनी स्वतःस विचारले की, आपल्याला इष्ट असलेल्या सगळ्या सुधारणा या क्षणी घडून आल्या तर आपण सुखी होऊ काय. आणि मनाने स्वच्छ नकार दिला. त्या विषण्णतेतून त्यांना सावरण्यास वर्ड्‌स्वर्थची कविता साहाय्यभूत झाली. पुढे १८६१ साली उपयुक्ततावादाचे समर्थन करताना त्यांनी सुखात गुणभेद मान्य केला. आणि हा कबुलीजबाब रुजू होताच मूळ हिशेब रद्द झाला.

यावर आपल्याकडील विरक्तिवादी हर्षभरित होऊन म्हणतील की, सुख मनात असते, अन्नवस्त्राची फिर्याद व्यर्थ आहे. हा पक्षही त्याज्यच. तैत्तिरीय उपनिषदातील आनंदमीमांसेचा आरंभ विरक्तापासून होत नाही. सुशील, विद्यावान, बलिष्ठ आणि धनधान्याने भरलेल्या पृथ्वीचा स्वामी अशा तरुणाचा आनंद हे तिचे पहिले माप आहे. कोणी म्हणेल की, तिथेही शतपटींचा गुणाकारच आहे. आहे खरा, पण मनुष्यलोकाच्या वरच्या प्रत्येक पायरीवरचा आनंद निष्काम श्रोत्रियासही लाभतो, असे ऋषी बजावतात, म्हणजे संपत्तीच्या वाढीने आनंद वाढतो हा सिद्धान्त त्या गुणाकारानेच मोडीत निघतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातील सुखाची त्रिविध विभागणीही भोगाच्या मात्रेवर नव्हे, तर सुखाच्या उगमावर आणि आरंभ-परिणामांवर उभी आहे.

तेव्हा सिद्धान्त असा : देहाचे सुख, कला व ज्ञान यांचे सुख आणि सदाचरणाचे सुख ही तीन भिन्न जातींची आहेत, एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. उपाशी माणसाला कीर्तनाने तृप्त करू पाहणे हा जसा अन्याय, तशीच पोट भरलेल्या माणसाला आता तुझी काही मागणी उरली नाही, असे सांगणे ही वंचना. भूक, रोग व भय ही दुःखे सर्वांची सारखी, म्हणून त्यांचे निवारण हे सरकारचे कर्तव्य, आणि तिथे बेंथॅमचा हिशेब अवश्य वापरावा. सुख मात्र ज्याचे त्याने मिळवावयाचे असते. कायद्याच्या कचेरीत त्या वहीला मान द्यावा. आपल्या आयुष्याचे मुखत्यारपत्र तिच्या नावे लिहून देऊ नये.