उभ्या गाडीचा हिशेब कोण ठेवणार?

लखनौच्या हवेचे सर्वेक्षण वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर. ते करणारी भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था, म्हणजे आयआयटीआर, ही सीएसआयआरची १९६५ साली स्थापन झालेली प्रयोगशाळा आहे. निवासी, व्यापारी आणि औद्योगिक अशा तिन्ही प्रकारच्या वस्त्यांतून ती नमुने घेते. व्यापारी वस्त्यांच्या यादीत चारबाग, आलमबाग आणि चौक यांच्यासोबत अमीनाबादचे नाव असते. देशभरच्या विज्ञानवार्तांत या अहवालाची जी बातमी होते, तिचा साचा ठरलेला आहे: सूक्ष्म धूलिकण किती, नायट्रोजन डायऑक्साइड किती, गतवर्षापेक्षा वाढ झाली की घट. आकडे खरे असतात आणि ते गोळा करण्यामागचे कष्टही खरे असतात. तरीही मे महिन्याच्या दुपारी गडबडझाल्याच्या तोंडाशी दाटीने उभ्या असलेल्या स्कूटरींजवळून जाताना नाकाला प्रथम जाणवतो तो पेट्रोलचा वास. त्या वासाला बातमीत जागा नसते.

हा वास धुराड्यातून येत नाही. गाड्या बंद आहेत, चालक दुकानात आहेत. वास येतो तो टाकीतून, नळ्यांतून, झाकणाच्या फटीतून. पेट्रोल हे मुळातच उडून जाण्यास आतुर असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. टाकी तापली की त्याची वाफ वाढते, वाफेचा दाब वाढतो आणि तो कोठेतरी बाहेर पडतो. या बाष्पाला अडवण्यासाठी गाडीत एक साधासा काळा प्लॅस्टिकचा डबा बसवलेला असतो. त्याला चारकोल कॅनिस्टर म्हणतात. आत सक्रियित कोळशाचे दाणे असतात, आणि त्यांच्या एका ग्रॅममधील छिद्रांचे एकूण पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या पुढे जाते. गाडी उभी असताना टाकीची वाफ या छिद्रांत अडकते. इंजिन चालू झाले की ते डब्यातून हवा ओढते आणि अडकलेली वाफ जाळून टाकते. म्हणजे कोळसा रोज भरतो आणि रोज रिकामा होतो.

या डब्याचा जन्म प्रयोगशाळेतल्या एका आडवाटेवर झाला असे म्हणता येईल. कॅलटेकमधील आरी हागेन-स्मित हे अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र उलगडणारे संशोधक होते. लॉस एंजेलिसवर दाटणारे डोळे झोंबवणारे धुके कशाचे आहे, याचा शोध त्यांनी १९५० च्या सुमारास घेतला. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर दोन दशकांच्या आत, १९७० पासून, कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना बाष्परोध सक्तीचा झाला. भारतातल्या दुचाकींना या प्रकारची मर्यादा लागू झाली ती भारत स्टेज चारसोबत. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१७ पासून स्टेज तीनच्या वाहनांची विक्रीच बंद केली, तेव्हा कुठे ही मर्यादा सरसकट झाली. त्याआधी विकल्या गेलेल्या दुचाकींवर असे कोणतेही बंधन नव्हते, आणि त्यांपैकी असंख्य आजही रस्त्यावर आहेत.

“उभी स्कूटर कितीसे सोडणार? चार थेंब!” हा यावरचा नेहमीचा आक्षेप. विद्यार्थ्यांनी तो वहीत तपासून पाहावा. अकरावीचे वायुनियम पुरेसे आहेत. सहा लिटरची टाकी निम्मी रिकामी आहे, म्हणजे द्रवाच्या वर ३ लिटर जागा आहे. सकाळी तापमान २५ अंश, दुपारी ४० अंश. साध्या पेट्रोलचा बाष्पदाब या दरम्यान ४० किलोपास्कलवरून सुमारे ६३ वर जातो, वातावरणाचा दाब १०० धरू. एकूण दाब तेवढाच राहायचा असेल, तर टाकीतील हवेचा वाटा ६० वरून ३७ किलोपास्कलवर यायला हवा. या हिशेबाने सुमारे ०.०३ मोल हवा बाहेर पडते, आणि ती आपल्यासोबत जवळजवळ तितकीच, किंबहुना थोडी अधिक, पेट्रोलची वाफ घेऊन जाते. वाफेचे सरासरी रेणुभार ६५ धरले तर उत्तर येते सुमारे २ ग्रॅम. आता भारत स्टेज सहाच्या दुचाकीला धुराड्यातून सोडता येणारे हायड्रोकार्बन आहेत किलोमीटरला ०.१ ग्रॅम. म्हणजे डबा नसलेली स्कूटर बाजारात नुसती उभी राहून एका दिवसात जे सोडते, ते मर्यादेत चालणाऱ्या नव्या स्कूटरच्या वीस किलोमीटरच्या धावेइतके आहे. असे चार थेंब लाखभर टाक्यांतून उडाले, तर दिवसाला २०० किलो होतात.

शिवाय हे गणित साध्या पेट्रोलचे आहे. इथेनॉलचे मिश्रण केले की बाष्पदाब कमी होत नाही, वाढतो. रबराच्या नळ्यांतून झिरपण्याचे प्रमाणही वाढते. देशात २० टक्के मिश्रण सर्वत्र पोहोचल्यानंतर या डब्याचे काम हलके झालेले नाही.

असे असताना गॅरेजात काय घडते? टाकी काठोकाठ भरण्याची सवय देशभर आहे. पंपाची बंदूक एकदा ‘टक’ करून थांबल्यावरही आणखी पन्नास-साठ रुपयांचे ओतून घेतले जाते. ते द्रव पेट्रोल नळीवाटे डब्यात शिरते, कोळसा भिजतो आणि दाण्यांची भुकटी होऊन पुढची झडप अडवते. मग गाडी सुरू व्हायला कुरकुरते, किंवा पेट्रोल भरल्यावर लगेच बंद पडते. कारागीर दोष बरोबर ओळखतो, डबा खराब झाला आहे हे मालकाला सांगतो आणि त्यापुढे दोन पर्याय ठेवतो: नवा डबा, किंवा डबा काढून नळीला बूच. दुसरा पर्याय स्वस्त आहे आणि, हेच यातले विष आहे, त्याने गाडीचे काहीही बिघडत नाही. ॲव्हरेज तेच, ओढ तीच. ब्रेक काढला तर मालक मरेल म्हणून कोणी ब्रेक काढत नाही. डबा काढल्याने ज्याची हानी होते, तो दिवसभर त्या गल्लीत बसणारा दुकानदार किंवा हातगाडीवाला असतो, आणि त्याला या व्यवहाराची वार्ताही नसते.

कारागिराला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. जो दोष कोणीही तपासत नाही, तो दुरुस्त करण्यासाठी गिऱ्हाइकाने पैसे का द्यावेत, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. ते व्यवस्थेपाशी असायला हवे होते. पीयूसीची नळी धुराड्यात जाते. तेथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, प्रमाणपत्र छापून मिळते. टाकीवरची वाफ धुराड्यातून जातच नाही, त्यामुळे डबा उपटून टाकलेली गाडी या परीक्षेत सन्मानाने उत्तीर्ण होते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास मनाई करते. परंतु ज्या बदलाकडे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, त्याच्यावरील मनाई कागदावरच राहते.

यात विज्ञानवार्तांचाही वाटा आहे. केंद्राने २००९ साली हवेची जी राष्ट्रीय मानके ठरवली, त्यांत बारा प्रदूषके आहेत, आणि पेट्रोलच्या वाफेत असणारे बेंझीन त्यांपैकी एक आहे. त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे आणि ते माणसात कर्करोग घडवते याबद्दल वैद्यकशास्त्रात मतभेद उरलेला नाही. पुढे सर्वसामान्यांसाठी हवा गुणवत्ता निर्देशांक आला, त्यात आठ प्रदूषके घेतली गेली. बेंझीन बाहेर राहिले. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे यश तर प्रामुख्याने पीएम १० वर मोजले जाते, आणि सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या २०२४ च्या मूल्यमापनानुसार त्यातील सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यावरील धुळीवर खर्च झाला. जे मोजले जाते त्यावर खर्च होतो, ज्यावर खर्च होतो त्याची बातमी होते, आणि जे बातमीत नाही ते अस्तित्वातच नाही असे धरून चालले जाते. लखनौसारख्या शहरात उन्हाळी ओझोनचा प्रश्न निघाला की मात्र सारे आश्चर्यचकित होतात. जणू ओझोनचा कच्चा माल आकाशातून पडतो.

“विजेच्या गाड्या येतच आहेत, मग या जुन्या डब्याची चिंता कशाला?” असाही एक सुशिक्षित युक्तिवाद आहे. आज शोरूममधून बाहेर पडणारी पेट्रोल स्कूटर पंधरा वर्षे रस्त्यावर राहणार आहे. तिचा डबा पहिल्या चार-पाच वर्षांत भिजला, तर उरलेली दहा वर्षे ती विजेच्या गाडीची वाट पाहत वाफ सोडत राहील.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे: नव्या गाडीची चाचणी होतेच की! होते, आणि पुणेकरांना ती ठाऊक असायला हवी. वेताळ टेकडीवरील एआरएआय ही वाहनांना मान्यता देणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक. या चाचणीत गाडी हवाबंद कोठडीत ठेवून तिच्यातून उडालेले हायड्रोकार्बन ग्रॅममध्ये मोजले जातात. दुचाकीला मर्यादा दीड ग्रॅम, पेट्रोल मोटारीला २ ग्रॅम. पण ही परीक्षा नव्या नमुन्याची असते, आणि मोटारीसाठी युरोपीय धर्तीवर स्वीकारलेल्या पद्धतीत कोठडीचा पारा २० ते ३५ अंशांत फिरतो. कॅलिफोर्नियाची चाचणी ४० अंशांच्या पुढे जाते. लखनौच्या किंवा नागपूरच्या मे महिन्याला यांपैकी कोणती जवळची आहे हे सांगण्यासाठी विज्ञानाच्या पदवीची गरज नाही. चीनने २०२० पासून मोटारींची मर्यादा दोन दिवसांच्या चाचणीसाठी ०.७ ग्रॅमवर आणली आणि पेट्रोल भरताना टाकीतून हाकलली जाणारी वाफही गाडीतच पकडणारा मोठा डबा सक्तीचा केला. अमेरिकेत तसा डबा १९९८ पासून आहे. भारतात नाही. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या गुणांकाने पाहिले तर भरलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम वाफ बाहेर पडते. तीस लिटर भरणारी मोटार पंपावरच्या पाच मिनिटांत ४० ग्रॅमच्या आसपास सोडते, दिवसाच्या चाचणीतील परवान्याच्या वीसपट. इथला छोटा डबा शाबूत असला तरी त्याचा येथे उपयोग नाही, कारण तो त्या कामासाठी बनवलेलाच नाही.

आणि नवा डबा बसवला तरी तो कसला? कोळसा म्हणजे कोळसा नव्हे. नारळाच्या करवंटीच्या कोळशाची छिद्रे फार बारीक असतात. ती वाफ घट्ट धरून ठेवतात, इंजिनाने ओढली तरी सोडत नाहीत, आणि काही दिवसांत डबा भरून निकामी होतो. या कामासाठी किंचित रुंद छिद्रांचा, बहुधा लाकडापासून केलेला कोळसा लागतो, आणि त्याची ‘ब्युटेन कार्यक्षमता’ प्रयोगशाळेत मोजता येते. अमीनाबादलगतच्या लाटूश रोडवर किंवा अन्य कोणत्याही शहराच्या सुट्या भागांच्या बाजारात गिऱ्हाइकाला हे बाहेरून ओळखता येणे अशक्य आहे. डबे दिसायला सारखेच काळे. हा आकडा प्रत्येक डब्यावर छापणे बंधनकारक केले, तर स्वस्त आणि निरुपयोगी यांतला फरक निदान वाचता तरी येईल.

पीयूसी केंद्रात आजही गाडीच्या क्रमांकपट्टीचे छायाचित्र घेतले जाते. दुसरे छायाचित्र डब्याचे आणि त्याच्या दोन्ही नळ्यांचे घेतले, तर त्याला नवे यंत्र लागत नाही, मिनिटभराचा वेळ लागतो. टाकीच्या झाकणावर हवेचा हलका दाब देऊन गळती तपासण्याची पद्धत अमेरिकेच्या कित्येक राज्यांनी वापरली आहे. तिचे उपकरण कोणत्याही केंद्राला झेपेल असे आहे. आणि आयआयटीआरच्या पुढच्या पावसाळापूर्व सर्वेक्षणाची बातमी लिहिणाऱ्यांनी पीएम २.५ च्या शेजारी बेंझीनचा रकाना मागावा. मोजले गेले असेल तर आकडा छापावा, नसेल तर रकाना रिकामाच छापावा.