मेजाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस

चार भावांचे कापडाचे सामाईक दुकान आहे असे धरू. थोरला गल्ल्यावर बसतो, खरेदीही तोच करतो. दुकानाला लागणाऱ्या पिशव्या तो आपल्या मेहुण्याच्या कारखान्यातून बारा रुपयांना घेतो. बाजारात तशीच पिशवी नऊ रुपयांना मिळते. बिल पक्के आहे, माल खरा आहे, पैसे चेकने दिलेले आहेत. चोरी म्हणावी असे कागदावर काहीच नाही. तरी प्रत्येक पिशवीमागे तीन रुपये चौघांच्या खिशातून निघाले आणि थोरल्याच्या सासरी गेले. उरलेल्या तिघांना वर्षअखेरीस इतकेच कळेल की यंदा नफा कमी झाला.

हाच प्रकार मोठ्या कंपनीत घडतो तेव्हा त्याला इंग्रजीत ‘रिलेटेड पार्टी ट्रान्झॅक्शन’ म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचे तर कंपनीने आपल्याच आतल्या माणसांशी केलेला व्यवहार. आतली माणसे म्हणजे मालक-प्रवर्तक, संचालक, मोठे अधिकारी, त्यांचे जवळचे नातेवाईक आणि या सर्वांच्या इतर कंपन्या. आज आपल्या घरांतली बचत म्युच्युअल फंड, शेअर आणि पेन्शनच्या खात्यातून अशा कंपन्यांत पोहोचते. अब्बांच्या निवृत्तीची रक्कम असो की मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे, ते कुणाच्या गल्ल्यात जातात आणि गल्ल्यावर बसलेला माणूस कुणाशी सौदा करतो, हे माहीत असणे हा आपला हक्क आहे.

सगळेच व्यवहार वाईट नसतात

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. आपल्या माणसांशी व्यवहार करणे हा गुन्हा नाही. एका समूहातील पोलाद कंपनीने त्याच समूहातील वीज कंपनीकडून वीज घेतली, तर त्यात दोघांचे भले असू शकते. टाटा हे नाव वापरणाऱ्या समूहातील कंपन्या त्या नावासाठी टाटा सन्सला शुल्क देतात, आणि ते वार्षिक अहवालात छापलेले असते. ओळखीच्या माणसाकडून माल वेळेवर मिळतो, उधारी मिळते, भरवसा असतो. आपल्या बाजारपेठा पिढ्यान्‌पिढ्या अशाच नात्यांवर चालत आल्या आहेत.

प्रश्न नात्याचा नाही, भावाचा आहे. एरवीच्या सौद्यात विकणारा भाव चढवतो, घेणारा उतरवतो, आणि ओढाताणीतून वाजवी किंमत निघते. मेजाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला की ही ओढाताण संपते. पैसे दुसऱ्यांचे आणि फायदा स्वतःचा असेल तर भाव कुठे झुकेल हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

असे व्यवहार ओळखीच्या पाच-सहा रूपांत येतात. कंपनीने संचालकाच्या मालकीची जागा चढ्या भाड्याने घेणे. समूहातील बुडत्या कंपनीला बिनव्याजी कर्ज किंवा ‘ॲडव्हान्स’ देणे. नातेवाइकाच्या फर्मकडून कच्चा माल घेणे. नाव वापरल्याबद्दल किंवा तंत्रज्ञानाबद्दल मूळ कंपनीला रॉयल्टी देणे. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे. आणि सर्वांत मोठे म्हणजे मालकाच्या कुटुंबाची कंपनीच विकत घेणे.

सत्यम आणि मेटास

या शेवटच्या प्रकाराचे आपल्या देशातील सर्वांत गाजलेले उदाहरण हैदराबादचे आहे. सत्यम कॉम्प्युटर्स ही संगणक क्षेत्रातील देशातल्या पहिल्या चार-पाच मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. तिचे शेअर मुंबईबरोबर न्यूयॉर्कच्या बाजारातही विकले जात. २००८ साली तिला उत्तम कारभारासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही मिळाला होता.

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने दोन कंपन्या विकत घेण्याचे ठरवले. मेटास प्रॉपर्टीज पूर्ण आणि मेटास इन्फ्रातील ५१ टक्के हिस्सा. एकूण किंमत १६० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेसात हजार कोटी रुपयांच्या वर. इंग्रजीत ‘सत्यम’ ची अक्षरे उलटी वाचली की ‘मेटास’ होते. दोन्ही कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या होत्या आणि त्यांचा कारभार त्यांचे मुलगे पाहत होते. सत्यममध्ये राजू कुटुंबाचा हिस्सा तेव्हा साडेआठ टक्क्यांच्या आसपास उरला होता. मेटासमध्ये तो त्याच्या कितीतरी पट होता. म्हणजे पैसा जाणार होता प्रामुख्याने इतरांचा, आणि येणार होता प्रामुख्याने कुटुंबाकडे.

सत्यमच्या मंडळावर नामांकित व्यवस्थापन संस्थांचे प्राध्यापक होते, देशाचे माजी मंत्रिमंडळ सचिव होते. तरीही संगणक कंपनीने जमीन आणि बांधकामाच्या धंद्यात उडी घेण्याचा हा प्रस्ताव मंजूर झाला. भागधारकांचे मत घेतले गेले नाही. पण न्यूयॉर्कचा बाजार उघडताच तिथला सत्यमचा भाव निम्म्याहून खाली कोसळला. गुंतवणूकदारांनी इतका गदारोळ केला की काही तासांतच सौदा मागे घ्यावा लागला. डिसेंबर संपण्यापूर्वी चार स्वतंत्र संचालकांनी राजीनामे दिले.

खरे कारण तीन आठवड्यांनी बाहेर आले. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोख आणि बँकशिल्लक दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. वर्षानुवर्षे फुगवलेला नफा या खोट्या शिलकीत साठत गेला होता. मेटासचा सौदा हा ती पोकळी भरण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असे त्यांनीच त्या पत्रात सांगितले.

ही युक्ती नीट समजून घ्यावी. कपाटात नोटा नाहीत, पण वहीत आहेत असे लिहिले आहे. आता स्वतःच्याच घरची जमीन ‘त्या नोटांनी’ विकत घेतली असे दाखवायचे. वहीतून खोट्या नोटा वजा होतात, त्यांच्या जागी खरी जमीन येते, आणि विकणारे घरचेच असल्याने पैसे कधी देणार असे विचारायला कुणी येत नाही. परक्या माणसाशी हा सौदा होऊच शकला नसता, कारण परक्याने दुसऱ्याच दिवशी पैसे मागितले असते. आतल्या माणसांशी होणाऱ्या व्यवहाराचा धोका इथे उघडा पडतो. भाव जास्त लावणे हा त्याचा एक भाग झाला. खोटे झाकायला तो सर्वांत सोयीचा पडदा असतो, हा दुसरा.

त्या एका दिवसात मुंबईच्या बाजारात सत्यमचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक घसरला. सरकारने संचालक मंडळ बरखास्त करून नवे नेमले, आणि एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राची बोली मंजूर झाल्याने हजारो नोकऱ्या वाचल्या. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू आणि इतर नऊ जणांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झाले आणि त्यांना जामीन मिळाला. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी या शेअरमध्ये घातली होती, त्यांचे नुकसान मात्र जागेवरच राहिले.

कायदा काय सांगतो

या प्रकरणानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला. त्याच्या कलम १८८ चा गाभा साधा आहे. आतल्या माणसांशी विक्री, खरेदी, भाडे, नेमणूक यांसारखा करार करायचा तर संचालक मंडळाची संमती हवी. ज्या संचालकाचा त्यात स्वार्थ आहे त्याने त्या चर्चेला बसायचे नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा व्यवहार असेल तर तो भागधारकांच्या मतदानाला ठेवायचा. नेहमीच्या धंद्यातील आणि परक्याशी करावा तशा वाजवी भावाने केलेल्या व्यवहाराला या कलमातून सूट आहे. संचालकांना कंपनीतून कर्ज देण्यावर कलम १८५ ने बंधने घातली आहेत.

नातेवाईक कोण, याचीही यादी ठरलेली आहे. पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ आणि बहीण. हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्यही त्यात येतात. चाचा, मामू, भाचा, पुतण्या, मेहुणा, साडू या यादीत नाहीत. आपल्या घरांतले निम्मे धंदे ज्या नात्यांवर चालतात तीच नाती कायद्याच्या यादीबाहेर राहिली! शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीचे जाळे याहून रुंद आहे. प्रवर्तकाच्या समूहातील व्यक्ती आणि कंपन्या त्यात येतात. एप्रिल २०२३ पासून तर परक्या माणसाला मध्ये घालून आतल्याचा फायदा करण्याच्या हेतूने केलेला व्यवहारही त्यात धरला जातो. या कंपन्यांना असे व्यवहार लेखापरीक्षण समितीकडून मंजूर करून घ्यावे लागतात आणि दर सहा महिन्यांनी शेअर बाजाराला कळवावे लागतात.

कायदा कागदावरच राहतो असे म्हणणाऱ्यांसाठी एक ताजे उदाहरण. मॅगीवाली नेस्ले इंडिया आपल्या स्वित्झर्लंडमधील मूळ कंपनीला विक्रीच्या साडेचार टक्के रॉयल्टी देते. २०२४ मध्ये ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांवर नेण्याचा प्रस्ताव आला. मूळ कंपनीकडे सुमारे ६३ टक्के शेअर आहेत. तिला मत देता आले असते तर प्रस्ताव चुटकीसरशी मंजूर झाला असता. पण फायदा तिचाच होणार असल्याने नियमाप्रमाणे प्रस्तावाच्या बाजूने तिचे मत धरता येत नव्हते. मे २०२४ मध्ये उरलेल्या भागधारकांची मते मोजली गेली, त्यातली ५७ टक्क्यांहून अधिक विरोधात पडली आणि प्रस्ताव पडला. रॉयल्टी साडेचार टक्क्यांवरच राहिली. यात कुणी चोर ठरला नाही. ज्यांच्या खिशातून पैसे जाणार होते त्यांना विचारले गेले, आणि त्यांनी नको म्हटले, एवढेच.

वार्षिक अहवालात काय पाहावे

नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. त्यातील चकचकीत फोटो आणि अध्यक्षांचे भाषण नंतर वाचा. हिशेबाच्या शेवटी टिपा असतात, त्यांत ‘रिलेटेड पार्टी’ असे शीर्षक शोधा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सोबत बसवले तर त्यांचेही शिक्षण होईल. मग चार प्रश्न विचारा.

एक, कंपनीच्या धंद्याशी त्या व्यवहाराचा संबंध आहे का? औषधाची कंपनी संचालकाच्या हॉटेलला पैसे देत असेल तर का?

दोन, आकडा दरवर्षी वाढतो आहे का, आणि विक्रीच्या मानाने तो केवढा आहे?

तीन, कर्ज आणि ॲडव्हान्स परत येत आहेत, की दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलले जात आहेत?

चार, नफा मोठा दिसतो आणि तरी पैसा नेहमी समूहातील इतर कंपन्यांत अडकलेला असतो का?

एखाद्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले नाही म्हणून कंपनी लबाडच आहे असे होत नाही. पण आपली सगळी पुंजी तिथे घालू नये, एवढे नक्की समजावे. आणि जिथे हिशेबच छापला जात नाही, फक्त ओळख, मोठे नाव आणि महिन्याला अमुक टक्के नफ्याचा वायदा असतो, तिथे हे चार प्रश्न विचारण्याचीही सोय नसते. अशा ठिकाणी पैसे न देणे हेच बरे.

घरच्या गल्ल्यासाठीही हेच

हे नियम फक्त मोठ्यांसाठी आहेत असे समजू नये. मोहल्ल्यातली पतसंस्था, शाळेची कमिटी, भावांचे दुकान, चार मित्रांचा ट्रान्सपोर्टचा धंदा, सगळीकडे कुणाची तरी अमानत कुणाच्या तरी हातात असते. शाळेच्या इमारतीचे काम कमिटीच्या अध्यक्षांच्या भावाला द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण रीतसर. नाते आधीच सर्वांसमोर सांगावे. आणखी दोन परक्यांचे दर मागवावेत. निर्णयाच्या वेळी अध्यक्षांनी खोलीबाहेर बसावे. आणि काय ठरले, का ठरले, हे वहीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

यात कुणाचा अपमान नाही. उलट काम करणाऱ्या भावाचीच इज्जत राहते, कारण उद्या कुणी बोट दाखवले तर त्याच्याकडे कागद असतो. आपल्याकडे हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे असे मानले जाते आणि लिहाज म्हणून माणसे गप्प बसतात. मग दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी तेच भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात. वेळेवर मागितलेला हिशेब नाते तोडत नाही. न मागितलेला हिशेब मात्र पुष्कळदा तोडतो.